फाशीच्या वादात कुणाचेच मत का बदलत नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एखादा अमानुष गुन्हा घडला की आठवड्याभरात आपल्या पुरवणीत ते पान ठरल्यासारखे येते. डावीकडे ‘फाशीच हवी’, उजवीकडे ‘फाशी नको’, मध्ये तराजूचे चित्र. त्याच सुमारास महाविद्यालयांत त्याच विषयावर वादविवाद स्पर्धा होतात आणि रात्री वाहिन्यांवर सहा चौकटींतून सहाजण एकदम बोलतात. गुन्हेगारीशास्त्र, कायदा आणि सामाजिक मानसशास्त्र शिकवणारी आम्ही काही मंडळी हे पत्र लिहीत आहोत. पत्र फाशीच्या बाजूचे नाही आणि विरोधातलेही नाही. सही करणाऱ्यांतच त्याबाबत दोन तट आहेत. आमची तक्रार त्या पानाच्या मांडणीबद्दल आहे. अशा मांडणीने वाचक हलत नाही, आणि योगायोग असा की हे ज्या प्रयोगाने पहिल्यांदा नीट दाखवून दिले त्याचा विषय फाशीच होता.

१९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी ४८ विद्यार्थी निवडले. २४ फाशीचे समर्थक, २४ विरोधक. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले. एका अभ्यासात १४ राज्यांतले फाशी लागू होण्याआधीचे आणि नंतरचे खुनांचे प्रमाण होते. दुसऱ्यात शेजारशेजारच्या राज्यांच्या १० जोड्या होत्या, एकात फाशी आहे, दुसऱ्यात नाही. एका अभ्यासाचा निष्कर्ष ‘धाक बसतो’ असा, दुसऱ्याचा ‘बसत नाही’ असा. दोन्ही अभ्यास प्रयोगकर्त्यांनी स्वतःच रचलेले. खुबी अशी की निम्म्या विद्यार्थ्यांना पहिली पद्धत फाशीच्या बाजूचा निष्कर्ष देताना दाखवली आणि उरलेल्यांना तीच पद्धत उलटा निष्कर्ष देताना. म्हणजे पद्धतीत दोष असेल तर तो दोन्हीकडे सारखाच दिसायला हवा होता.

तसे झाले नाही. ज्याला जो निष्कर्ष पटण्यासारखा, त्याला तो अभ्यास भक्कम वाटला. उलट निष्कर्षाच्या अभ्यासात मात्र त्याच मंडळींनी बारीक बारीक खोड्या काढल्या: वर्षे कमी घेतली, राज्ये सारखी नाहीत, इतर कारणे धरली नाहीत. या खोड्या चुकीच्या नव्हत्या, आणि मेख इथेच आहे. माणूस विरोधी पुराव्याकडे डोळेझाक करतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो विरोधी पुरावा जास्त बारकाईने वाचतो आणि सोयीचा पुरावा हातावर घेऊन पुढे सरकतो. दोन्ही बाजू एकाच पानावर छापल्या की समतोल साधला, हा समज म्हणूनच फसवा आहे. प्रत्येक वाचक एक लेख न्यायाधीश होऊन वाचतो आणि दुसरा बचावाचा वकील होऊन.

या प्रयोगाचा एक भाग जरा जपून सांगायला हवा. दोन्ही गट वाचनानंतर आणखी टोकाला गेले, असा निष्कर्ष तेव्हा निघाला होता. पण तो विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलेल्या बदलावर उभा होता. नंतरच्या संशोधनात बरेचजण टोकाला जात नाहीत, जिथे होते तिथेच राहतात, असे दिसले. तसेच चुकीची माहिती दुरुस्त केली की माणूस उलट तीच घट्ट धरतो, या गेल्या दशकात फार गाजलेल्या कल्पनेचे झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत दहा हजारांहून अधिक लोकांना ५२ विषयांवर दुरुस्त्या दाखवल्या, तेव्हा तो उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. लोक वस्तुस्थितीतली दुरुस्ती बहुतेक वेळा स्वीकारतात; मत मात्र तिथेच ठेवतात. ‘आकडा चुकला होता, मान्य. पण म्हणून काय झाले?’

हे ‘पण म्हणून काय झाले’ कुठून येते, ते पाहायला हवे. फाशीच्या वादात दोन्ही बाजू सर्वांत आधी ‘धाक’ काढतात. समर्थक म्हणतात, फाशी असली की गुन्हेगार दहा वेळा विचार करेल. विरोधक म्हणतात, तसा पुरावा नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २०१२ साली तोवरचे सगळे अभ्यास चाळून निर्वाळा दिला की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातले काहीही त्या अभ्यासांवरून सांगता येत नाही. एवढा मुद्दा निकालात निघाल्यावर वाद थंडावायला हवा होता. पण फीबी एल्सवर्थ आणि ली रॉस यांनी कॅलिफोर्नियातल्या नागरिकांना तीस वर्षे आधीच एक साधा प्रश्न विचारून ठेवला होता: धाकाबाबत तुमची समजूत चुकीची आहे असे सिद्ध झाले, तर मत बदलाल का? बहुतेक समर्थक म्हणाले, तरीही फाशी हवी. बहुतेक विरोधक म्हणाले, तरीही नको. म्हणजे धाक हा दाराबाहेर मांडून ठेवलेला माल. खरे मत आतल्या खोलीत. एकाला वाटते, असे कृत्य करणाऱ्याला जगू देणे हा मृताचा अपमान आहे. दुसऱ्याला वाटते, सरकारने थंड डोक्याने माणूस मारणे हे कुठल्याही कारणाने क्षम्य नाही. ही दोन वाक्ये आपल्या पानावर क्वचितच येतात. येतात त्या टक्केवाऱ्या, कारण टक्केवारी विद्वान दिसते. मग दोघेजण दीड पान अशा मुद्द्यावर भांडतात ज्यावर दोघांचेही मत अवलंबून नाही.

आता प्रश्नाकडे येऊ. ‘फाशी हवी की नको’ या चार शब्दांत निदान चार प्रश्न कोंबलेले आहेत: कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणत्या पर्यायाऐवजी, किती खात्रीच्या पुराव्यावर, आणि ती देण्याचा अधिकार कुणाकडे. यातला पर्यायाचा प्रश्न सुटा केला की काय होते पाहा. २०१९ मध्ये गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत, खुन्याला फाशी द्यावी का, एवढेच विचारल्यावर ५६ टक्के अमेरिकन ‘हो’ म्हणाले. त्याच वर्षी ‘फाशी की पॅरोलची (मुदतीआधी सुटकेची) शक्यता नसलेली जन्मठेप’ असे विचारल्यावर फाशी निवडणारे ३६ टक्के आणि जन्मठेप निवडणारे ६० टक्के निघाले. कुणी कुणाला काही पटवले नव्हते. फक्त प्रश्न बदलला होता.

आपल्याकडे तर हा पर्याय काय आहे हेच बहुतेकांना ठाऊक नाही. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग सुटतो’ हे वाक्य स्पर्धेतही ऐकू येते आणि स्टुडिओतही, आणि सहसा समोरचाही ते दुरुस्त करत नाही. गोपाळ गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६१ च्या निकालातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतचा कारावास. सुटका झाली तर ती सरकारने शिक्षेत दिलेल्या सवलतीमुळे. चौदा वर्षांचा आकडा आला तो नंतर, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमातून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला निदान चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असे ते कलम सांगत असे; २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती अट कायम आहे. खालची मर्यादा होती, लोकांनी ती वरची केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यातील निकालाने आणि २०१५ च्या घटनापीठाने न्यायालयांना आणखी एक वाट मोकळी करून दिली: फाशीऐवजी ठरावीक वर्षे किंवा आयुष्यभर, सवलतीचा लाभ न देता कारावास. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेली फाशी उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केली आणि आरोपींना उरलेल्या आयुष्यासाठी, पॅरोल-फर्लोशिवाय (तात्पुरत्या रजेशिवाय) तुरुंगात ठेवले. त्या दिवशीच्या चर्चांत ‘सुटले’ हा शब्द किती सैल वापरला गेला, हे त्या वेळचे मथळे काढून पाहावेत.

पर्याय माहीत नसताना दिलेले मत पर्याय सांगितल्यावर थोडे तरी हलू शकते. पण ते सांगण्याची जागा वादाचा फड नव्हे, कारण फडात प्रेक्षक असतात.

प्रेक्षकांचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन गुन्हेगारीशास्त्रज्ञ रॉबर्ट बोम यांनी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना केवळ फाशी याच विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम शिकवला आणि त्यांची मते सुरुवातीला, शेवटी आणि नंतरही नोंदवली. ज्या वर्गांत विद्यार्थ्यांना आपले मत सर्वांसमोर जाहीर करावे लागले, तिथे लक्षणीय बदल झाला नाही. ज्या वर्गांत ते खासगीत लिहून घेतले, तिथे पाठिंबा कमी झाला. शिकवलेला मजकूर तोच. फरक फक्त लोकांपुढे शब्द दिल्याचा. चारचौघांत घेतलेली भूमिका सोडणे म्हणजे माघार, आणि माघार कुणाला आवडते? याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष उत्साही सुधारकांना खटकेल: दोन-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा मते बरीचशी मूळ जागी परतली होती. अख्ख्या सत्राचा परिणाम जिथे टिकला नाही, तिथे सातशे शब्दांच्या लेखाकडून काय अपेक्षा ठेवायची?

वादविवाद स्पर्धांबद्दल तर अलीकडचा पुरावा आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या वक्त्यांवर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बाजू चिठ्ठीनेच ठरते, म्हणजे कुणाला काय मिळेल याचा त्याच्या मताशी संबंध नसतो. तरीही तयारी करताकरता वक्त्यांना आपलीच बाजू खरी वाटू लागली, आणि वाद झाल्यावरही दोन्ही बाजूंची मते जवळ आली नाहीत. जिंकण्यासाठी युक्तिवाद शोधणारा माणूस सर्वांत आधी स्वतःलाच पटवतो. आपल्याकडे ‘सन्माननीय परीक्षक’ आशय, सादरीकरण आणि खंडन यांना गुण देतात. ‘प्रतिपक्षाचा हा मुद्दा मला मान्य आहे’ या वाक्याला गुणपत्रिकेत रकाना नाही. असला तर बहुधा उणे गुणांचा.

हे आपल्या परंपरेला नवे नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार वेगळे काढले आहेत. वाद हा तत्त्व जाणण्यासाठी, आणि तो कुणाशी करावा तर शिष्य, गुरू, सहाध्यायी अशा असूया नसलेल्यांशी. जल्प हा जिंकण्यासाठी. वितंडेत स्वतःची बाजूच नसते, फक्त समोरच्याचे खंडन. जल्प आणि वितंडा यांचा उपयोगही तिथे नेमका सांगितला आहे: कोवळ्या अंकुराभोवती काट्यांचे कुंपण घालावे तसे, आधीच निश्चित झालेले मत राखण्यासाठी. कुंपणाने पीक राखले जाते, नवे पेरले जात नाही. आपले ‘दोन बाजू’ पान हे निखळ जल्प आहे आणि वाहिन्यांवरची रात्र बहुतांशी वितंडा. दोन्हींना आपण वाद म्हणतो, इतकेच.

वाद मुळातच निरर्थक आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. तर्काचे एक प्रसिद्ध कोडे आहे, चार पत्त्यांचे. ते एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी जेमतेम ९ टक्के बरोबर आले. पाच-सहा जणांच्या गटांना दिल्यावर ७५ टक्के गट बरोबर आले, आणि ते परस्परांशी भांडूनच. कारण तिथे उत्तर दाखवता येते आणि हरल्याने कुणाची जात, पक्ष, कुटुंब, शेजार दुखावत नाही. फाशी, आरक्षण, गोवंशहत्या, धर्मांतर या विषयांवरचे मत ही माणसाची ओळखही असते. ते बदलले तर संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे कुणाबरोबर?

पुण्यात १८७० साली शंकराचार्यांपुढे विधवा पुनर्विवाहावर मोठा शास्त्रार्थ झाला. विष्णुशास्त्री पंडितांची बाजू सुधारकांची. पंच नेमले, वचने काढली, दिवसेंदिवस खल झाला आणि निर्णय पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. पुनर्विवाहाला परवानगी देणारा कायदा होऊन तेव्हा चौदा वर्षे लोटली होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि तरीही तीन वर्षांत विधवांसाठी आश्रम उभा राहिला. मते हलली ती शिकलेल्या, कमावत्या विधवा घराघरांत दिसू लागल्यावर. ब्रिटनमध्येही असेच. तिथे १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी स्थगित आणि १९६९ मध्ये कायमची बंद झाली तेव्हा बहुसंख्य लोक फाशीच्या बाजूने होते. फाशीचा पाठिंबा निम्म्याखाली उतरला तो २०१४ च्या पाहणीत. मधली पंचेचाळीस वर्षे वादाची नव्हेत, सवयीची.

आता करायचे काय. महाविद्यालयात किंवा वाचनालयात एखादी बैठक घ्यायची असेल तर बारा ते पंधरा माणसे आणि दीड तास पुरे. सगळे एकाच कंपूतले नसावेत. सारख्या मतांची माणसे आपसांत बोलली की मत अधिक टोकाला सरकते, हे १९६९ पासून वारंवार दिसले आहे. सुरुवातीला प्रत्येकाने बंद चिठ्ठीवर लिहायचे, नाव न घालता, एखादी खूण करून. हात वर करायला लावलेत तर बैठक तिथेच संपली असे समजा. चिठ्ठीत एक प्रश्न नको, वर सांगितलेले चार हवेत, आणि प्रत्येकापुढे शून्य ते दहा असा आकडा. ‘हो’चे ‘नाही’ फार क्वचित होते. नऊचे सात होते, आणि हो-नाहीच्या चौकटीत हा बदल दिसतच नाही.

नंतर दहा मिनिटे प्रत्येकाने कागदावर फक्त क्रम लिहायचा: सत्र न्यायालयाने फाशी सुनावल्यापासून ती अमलात येईपर्यंत काय काय होते. मत नको, कारणे नकोत. बहुतेकांचा कागद तिसऱ्या ओळीवर अडतो. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय सत्र न्यायालयाची फाशी अमलात येत नाही. मग सर्वोच्च न्यायालयातले अपील, फेरविचार याचिका, क्युरेटिव्ह याचिका (फेरविचारही फेटाळल्यावरची शेवटची याचिका), राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज. अर्ज फेटाळल्याचे कळवल्यावरही, २०१४ च्या निकालानुसार, चौदा दिवसांचा अवधी. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली, सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली, दयेचे अर्ज २०१४ मध्ये फेटाळले गेले आणि सरकारी दिरंगाईच्या कारणावरून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्या फाशीची जन्मठेप केली. हा क्रम समोर आला की समर्थक विचारतो, एवढा वेळ का लागावा. विरोधक विचारतो, मधली वीस वर्षे म्हणजे दुसरी शिक्षाच नाही का. दोघेही पहिल्यांदा खऱ्या यंत्रणेबद्दल बोलू लागतात. ‘का’ऐवजी ‘कसे’ समजावून सांगायला लावले की टोकाची मते थोडी मवाळ होतात, असे २०१३ च्या एका प्रयोगात दिसले होते. नंतरच्या तपासण्यांत हा परिणाम दर वेळी तितका आढळला नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. पण निदान माहितीतली पोकळी उघडी पडते आणि कुणी दुसऱ्याने ती दाखवलेली नसते.

मग जोड्या, शक्यतो भिन्न मतांच्या. एकाने पाच मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, आणि पहिला ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणेपर्यंत उत्तर द्यायचे नाही. पूर्वपक्ष, म्हणजे आधी समोरच्याचे म्हणणे, मांडण्याची ही आपलीच जुनी रीत. इथे नेहमी बिघडते ते असे: परत सांगताना विडंबन होते. आवाज बदलला किंवा ‘तुमचे म्हणणे असे की’ यापुढे ‘म्हणजे थोडक्यात’ आले की संचालकाने थांबवून पुन्हा सुरू करायला लावावे. दुसरी चूक म्हणजे प्राचार्य, निवृत्त न्यायाधीश किंवा नगरसेवक सर्वांत आधी बोलतात. त्यांना शेवटी ठेवावे, शक्यतो बोलावूच नये. तिसरी चूक संचालकाची स्वतःची: शेवटी समारोप करतो आणि ‘कुणाकुणाचे मत बदलले?’ असे विचारतो. विचारू नये. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा पेटी. आणि सहा आठवड्यांनी तिसऱ्यांदा. तिसरी चिठ्ठी घेतली नाही तर त्या दिवशीचे सौजन्य मोजले असे होते.

वाचायला काही पुरावा देणार असाल तर सूचना काय देता हे पाहा. ‘निष्पक्षपणे वाचा’ या सूचनेचा उपयोग होत नाही. लॉर्ड, लेपर आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये ते तपासले. प्रत्येकाला आपण निष्पक्षच आहोत असे वाटते. ज्यांना ‘याच पद्धतीच्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा निघाला असता तर तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का?’ असे विचारायला शिकवले, त्यांचा पक्षपात मात्र जवळजवळ नाहीसा झाला. हे एक वाक्य आपल्या पानाच्या माथ्यावर छापायला जागाही फार लागणार नाही.

आपल्या पुरवणीबद्दल आमची विनंती अशी. घटना ताजी असताना आणि खटला उभा राहायचा असताना हे पान छापू नये. त्या आठवड्यात मत विचारणे म्हणजे राग मोजणे. छापाल तेव्हा दोन लेखकांना वेगवेगळे लेख मागण्याऐवजी प्रत्येकाकडून पहिला परिच्छेद दुसऱ्याच्या बाजूचा लिहून घ्यावा आणि तो त्या दुसऱ्याला दाखवूनच छापावा. धाकाच्या टक्केवाऱ्या गाळाव्यात. मध्ये तराजूच्या जागी माहितीची चौकट द्यावी: जन्मठेप म्हणजे काय, शिक्षेत सवलत कोण देते, अपिलाचे टप्पे किती, विधी आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात काय म्हटले आणि २०१५ च्या २६२ व्या अहवालात, तीन सदस्यांची भिन्नमते धरून, काय म्हटले. ही चौकट आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. फक्त छापण्याआधी ती फाशीची मागणी करणाऱ्या एका वकिलाला आणि फाशीविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाला वेगवेगळी वाचायला द्यावी, आणि दोघांपैकी एकानेही ज्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, ते वाक्य काढून टाकावे.

आपले,
गुन्हेगारीशास्त्र, कायदा व सामाजिक मानसशास्त्राचे काही अध्यापक, पुणे